कोवळ्या झाडाचा जमाखर्च
(श्रीपूर, ता. माळशिरस, जि. सोलापूर येथे वनमहोत्सवाच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



श्रीपूरच्या ग्रामस्थांना वजनकाट्याचे महत्त्व कोणी सांगावयास नको. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे हे गाव साखरेच्या नकाशावर आले, आणि तेव्हापासून येथील शेतकरी आपली वर्षभराची मेहनत काट्यावरच तोलून घेत आला आहे. ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, वाहन काट्यावर चढले, की कष्टाचे फळ किती टन भरले हे तत्काळ कळते. झाडाच्या बाबतीत ही सोय नाही. झाड उभे असते, वर्षानुवर्षे वाढत असते, आणि त्याची निम्मी गोष्ट तर जमिनीखाली असते. म्हणूनच वृक्षलागवडीसंबंधी आपण पुष्कळ बोलतो, परंतु रोप आपली वाढ नेमकी कोठे करते याचा विचार फारसा करीत नाही. आज याच विषयावर चार गोष्टी आपणापुढे मांडाव्यात असे योजिले आहे.

मी कला शाखेचा पदवीधर आहे, वनशास्त्रज्ञ नाही. वनशास्त्रज्ञांनी जे शोधून काढले ते सामान्य नागरिकाच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोहोचविणे हे माहिती अधिकाऱ्याचे काम. तेवढ्याच अधिकाराने मी आज बोलणार आहे.

झाडाची मिळकत

झाडाच्या सर्व भागांतील पाणी काढून टाकल्यावर जे वजन उरते, त्याला शास्त्रीय भाषेत ‘जैवभार’ म्हणतात. हा जैवभार मातीतून येतो अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्याचा फार मोठा भाग हवेतून येतो. पाने हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू घेतात, मुळे पाणी पुरवितात, आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पानांत साखर तयार होते. म्हणजे प्रत्येक हिरवे पान हा एक लहानसा साखर कारखानाच होय. या साखरेपैकी साधारण निम्मी झाड स्वतःच्या श्वसनासाठी, म्हणजे जगण्यासाठीच, खर्च करते. उरलेल्या निम्म्यातून त्याला नवी पाने, नवे खोड आणि नवी मुळे घडवावयाची असतात.

येथे झाडापुढे तोच प्रश्न उभा राहतो जो मर्यादित मिळकतीच्या कुटुंबापुढे उभा असतो. पानांवर खर्च केला तर उद्याची मिळकत वाढेल. खोडावर खर्च केला तर उंची मिळेल आणि शेजाऱ्याच्या सावलीतून डोके वर काढता येईल. मुळांवर खर्च केला तर पाणी मिळेल आणि पाय घट्ट रोवले जातील. तिन्ही गोष्टी एकाच वेळी भरपूर करणे रोपाला परवडत नाही. शास्त्रज्ञांनी जगभरच्या रोपवाटिकांत आणि वनांत रोपे मुळांसकट उपटून, त्यांचे भाग वेगळे करून, भट्टीत वाळवून वजने घेतली, तेव्हा एक साधा नियम आढळून आला. जी वस्तू सर्वांत दुर्मिळ, ती मिळविणाऱ्या अवयवावर रोप अधिक खर्च करते. प्रकाश कमी असेल तर पाने व खोड यांकडे वाटा वळतो. पाणी वा अन्नद्रव्य कमी असेल तर मुळांकडे वळतो.

एकच नदी, दोन डोंगर

हा नियम समजून घेण्यासाठी आपणांस परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. आपल्या तालुक्याला ज्या नीरेचे पाणी मिळते, ती नीरा भोर तालुक्यातील सह्याद्रीत उगम पावते. तिची उपनदी वेळवंडी हिच्यावर १९२८ साली भाटघरचे धरण पूर्ण झाले आणि नीरेच्या कालव्यांनी या अवर्षणप्रवण मुलखाचे रूप पालटले. नीरेच्या उगमाकडे पावसाने न्हालेला घाटमाथा आहे; आणि खाली येताना तिच्या दक्षिणेस शंभूमहादेवाची कोरडी डोंगररांग आहे, जिच्यावर शिखर शिंगणापूरचे देवस्थान वसले आहे. चैत्रात कावडी घेऊन जाणाऱ्या भाविकांना ते उघडेबोडके उतार चांगले परिचयाचे आहेत. या दोन डोंगरांवरील कोवळी झाडे आपला जमाखर्च अगदी निराळ्या रीतीने मांडतात.

घाटमाथ्यावर महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथील सदाहरित रानात अंजन, जांभूळ, पिसा यांसारख्या झाडांचे दाट छत्र असते. या छत्राखाली रुजलेल्या रोपाला पावसाळ्यात पाण्याची वाण नसते. वाण असते ती प्रकाशाची. म्हणून ते आपल्या तुटपुंज्या मिळकतीचा मोठा वाटा पानांत घालते. पाने पातळ व पसरट होतात, खोड बारीक राहते, मुळे आखूड राहतात. असे रोप कित्येक वर्षे गुडघ्याएवढेच दिसते. त्याची वाढ खुंटली आहे असे आपणांस वाटते. परंतु ते वाट पाहत असते. एखादा जुना वृक्ष वादळात कोसळला, छत्रात खिंडार पडले, की हीच रोपे झपाट्याने उंच होऊ लागतात. अशा मोकळ्या जागी चांदाड्यासारखी झाडेही त्वरेने येतात. त्यांचे लाकूड हलके असते, उंची लवकर येते, आयुष्य मात्र लहान असते. अंजनाचे लाकूड याच्या उलट अत्यंत घट्ट. ते सावकाश वाढते आणि टिकते.

त्याच घाटाच्या कड्यावर, जेथे वारा अडविणारे काहीच नाही, तेथे हीच जातीची झाडे बुटकी व पसरट झालेली दिसतात. वारा झाडाला सतत हलवितो, तेव्हा ते उंची सोडून खोडाची जाडी आणि मुळांची पकड यांवर खर्च करते. तीव्र उतारावर उगवलेले रोप मातीच्या सरकण्याने कलते आणि मग पुन्हा सरळ होण्यासाठी खोडाच्या वरच्या अंगाला ताण देणारे विशेष लाकूड तयार करते. अशा झाडांचा बुंधा तळाशी वाकलेला दिसतो, तो या प्रयत्नाची खूण होय.

आता शंभूमहादेवाच्या डोंगराकडे वळू. हा सारा प्रदेश पर्जन्यछायेतला. सोलापूर जिल्ह्याचे पर्जन्यमान सरासरी पाचशे ते सहाशे मिलिमीटर, तेही बेभरवशाचे. येथे सूर्यप्रकाश उदंड आहे. वाण आहे ती पाण्याची. म्हणून येथे रुजणारी बाभूळ, हिवर, खैर, बोर किंवा कडुनिंब पहिल्या पावसाळ्यात वर वीतभर वाढते, तर खाली मुरमाच्या भेगा शोधीत त्याहून कितीतरी खोल जाते. वरून पाहणारा म्हणतो, ‘रोप काही धरले नाही.’ जमिनीखाली मात्र त्याने आपली सारी पुंजी विहीर खणण्यात घातलेली असते.

वर वाळले, खाली जिवंत

या गोष्टीचे सर्वांत ठळक उदाहरण मध्य भारतातील साल वृक्षाचे. त्याचे रोप उन्हाळ्यात वरून वाळून जाते, पावसाळ्यात पुन्हा फुटते, पुन्हा वाळते. असे अनेक वर्षे चालते. प्रत्येक वर्षी मूळ मात्र थोडे अधिक जाड होते, आणि एके वर्षी त्या मुळात इतका साठा जमतो की त्यातून फुटलेला धुमारा उन्हाळ्याला पुरून उरतो. आपल्याकडील पळसही तोडला वा जळाला तरी मुळांतून असाच पुन्हा उभा राहतो.

शेतकरी बांधवांना यात नवल वाटू नये. उसाचा खोडवा आपण याच भरवशावर राखतो. वरचा ऊस कारखान्याला जातो, पण बुडखे जिवंत असतात. पाणी मिळताच फुटवे येतात.

वनखात्याने या गुणाचा उपयोग फार पूर्वीपासून करून घेतला आहे. सागाची लागवड ‘जडी’ लावून करतात. वाफ्यात वर्षभर वाढविलेले, अंगठ्याएवढ्या जाडीचे रोप उपटून त्याची पाने व शेंडा छाटून टाकतात. वर दोन-तीन सेंटिमीटर खोड आणि खाली सुमारे वीतभर सोटमूळ एवढाच तुकडा ठेवतात. पाहणाऱ्याला ती वाळकी काडी वाटावी. परंतु पहिल्या चांगल्या पावसात तिला धुमारे फुटतात, कारण तिची शिदोरी मुळात असते.

यातून आपल्या डोंगरांसाठी एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. वर्षानुवर्षे चराई व कुऱ्हाड सोसलेल्या उतारावर झाडे दिसत नाहीत, याचा अर्थ तेथे झाडे नाहीतच असा होत नाही. कित्येक ठिकाणी जिवंत मुळे मातीखाली तग धरून असतात. दरवर्षी फुटलेला कोंब शेळीच्या तोंडी जातो किंवा वणव्यात जळतो, आणि मुळाचा साठा थोडा थोडा रिता होत जातो. अशा जागी ग्रामस्थांनी एकमताने चार-पाच वर्षे चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली आणि जाळरेषा काढून वणवा आवरला, तर नवीन खड्डा न खणताही रान उठू लागते. नवे रोप शून्यापासून आरंभ करते. जुने मूळ साठवलेल्या पुंजीवर आरंभ करते.

वय वाढते तसा वाटा बदलतो

रोप मोठे होत जाते तसा त्याचा जमाखर्च पालटतो. हवामान बदलाविषयीच्या आंतरसरकारी समितीने २००६ साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत उष्ण प्रदेशातील शुष्क वनांसाठी एक कोष्टक दिले आहे. ज्या वनात जमिनीवरचा जैवभार हेक्टरी २० टनांहून कमी, म्हणजे जे वन कोवळे वा विरळ आहे, तेथे जमिनीवरील दर १०० किलोमागे मुळांचे वजन ५६ किलो धरावे. आणि जेथे तो त्याहून अधिक, तेथे केवळ २८ किलो धरावे, असे त्यात म्हटले आहे. याचा सरळ अर्थ असा की, कोवळ्या रानात मुळांचा वाटा भरलेल्या रानाच्या दुप्पट असतो. पुढे पानांचा वाटाही घटत जातो आणि खोडाचा वाढत जातो. पाने गळतात, बारीक मुळे मरतात व नवी येतात; खोड मात्र साठत राहते. झाड हे प्रथम मुळांचे, मग पानांचे आणि शेवटी लाकडाचे भांडार होते.

आणि येथेच आपण ज्याला ‘एक झाड तोडले तर पाच लावू’ म्हणतो, त्या हिशेबाकडे नीट पाहावे लागेल. उभ्या झाडाचे वजन न तोडता काढण्याची रीत वनशास्त्रज्ञांनी बसविली आहे. छातीच्या उंचीवर, आपल्या देशात जमिनीपासून १.३७ मीटरवर, खोडाचा घेर मोजतात. उतारावर हे माप चढाच्या बाजूने घ्यावयाचे असते. घेर दुप्पट झाला तर वजन दुप्पट होत नाही, साधारण साडेपाचपट होते. दोन सेंटिमीटर जाडीचे रोप पाच वेळा दुप्पट झाले तर त्याची जाडी ६४ सेंटिमीटर होते; आणि वजन मात्र पाच हजार पटींहून अधिक. लाकडाची घनताही विचारात घ्यावी लागते. सारख्याच घेराच्या पांगाऱ्यात आणि खैरात वजनाचा फार मोठा फरक असतो.

पंढरीच्या वाटेवर, अकलूज-बोरगावच्या मार्गाने, वारकऱ्यांना पिढ्यानपिढ्या सावली देणाऱ्या जुन्या वृक्षांची आठवण आपणांपैकी अनेकांना असेल. पालखीमार्गांच्या रुंदीकरणात असे कित्येक वृक्ष गेले. रस्ता हवा, हे खरे. पण एका जुन्या वडाच्या जागी पाच रोपे लावली म्हणजे हिशेब मिटला असे समजणे हे काट्याला न पटणारे आहे. ती पाच रोपे वडाएवढी होण्यास दोन पिढ्या लागतील, आणि तेही ती जगली तर. म्हणून जेथे जुना वृक्ष वाचविणे शक्य आहे तेथे तो वाचविणे हीच पहिली वृक्षलागवड होय.

लावलेली आणि जगलेली

कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० साली वनमहोत्सवाचा आरंभ केला. आपल्या राज्यात १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना पुढे आली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि तिच्याद्वारे वनीकरण व मृदसंधारणाची मोठी कामे उभी राहिली. १९८२ मध्ये सामाजिक वनीकरण विभाग स्थापन झाला व गावोगावी रोपवाटिका पोहोचल्या. २०१६ पासून चार वर्षे राज्याने अनुक्रमे २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी वृक्ष लावण्याचे संकल्प केले. लाखो नागरिकांनी त्यांत भाग घेतला. पॅरिस कराराच्या निमित्ताने २०१५ साली भारताने २०३० पर्यंत वने व वृक्ष यांच्याद्वारे २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड अधिक सामावून घेण्याचे वचन जगाला दिले. सुक्या लाकडाचे निम्म्याजवळ वजन कार्बनचे असते, आणि एक किलो कार्बन साठला म्हणजे हवेतील सुमारे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड कमी झाला असे गणित आहे.

मात्र हे वचन लावलेल्या रोपांनी पुरे होणार नाही. ते वाढलेल्या झाडांनीच पुरे होईल. पहिल्या उन्हाळ्यात वाळलेल्या रोपाचा काट्यावरील भार शून्य असतो, मग त्याच्या लागवडीचा समारंभ कितीही थाटाचा झालेला असो. शासनाचे प्रयत्न व जनतेचा उत्साह सार्थकी लावावयाचा असेल, तर रोपाची पहिली तीन वर्षे ही त्याची मुळे बांधण्याची वर्षे आहेत हे ध्यानी घेऊन आपण पुढील गोष्टी कराव्यात.

रोप निवडताना उंचीला भुलू नये. पिशवीत फार दिवस राहिलेल्या उंच रोपाची मुळे तळाशी वेटोळे घालून बसतात व जमिनीत गेल्यावरही तशीच राहतात. ठेंगणे, जाड बुडख्याचे, सरळ मुळाचे रोप अधिक भरवशाचे. लावताना पिशवी पूर्ण काढावी आणि वेटोळी झालेली मुळे कापावीत.

खड्डा उन्हाळ्यातच खणून ठेवावा व रोप पहिल्या चांगल्या पावसाबरोबर लावावे, म्हणजे मुळांना पूर्ण पावसाळा लाभतो. डोंगरउतारावर सलग समतल चर खणून त्यांच्या काठाने लागवड करावी. धावते पाणी थांबते आणि मुळांच्या वाटेला येते.

रोपाभोवतीचे गवत हातभर अंतरापर्यंत काढून त्याचेच आच्छादन घालावे. कोवळ्या मुळांचा पहिला प्रतिस्पर्धी गवत असते.

पाणी रोज थोडे देण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने भरपूर द्यावे. रोज ओठ ओले करणारे पाणी मुळांना वरच्या थरातच गुंतवून ठेवते; खोल मुरलेले पाणी त्यांना खाली नेते. कालव्याखालच्या गावांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण जो कालवा उसाला आहे तो डोंगरावरील रोपाला नाही.

शेवटी, जागा पाहून लागवड करावी. आपल्याच जिल्ह्यात नान्नज येथे माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य घोषित झाले. त्या पक्ष्याला मोकळे गवताळ माळ हवेत. गवताचाही पुष्कळ जैवभार जमिनीखाली असतो व ते माती धरून ठेवते. अशा माळाला ओसाड समजून त्यावर झाडे दाटीने लावणे हे संवर्धन नव्हे. ज्या मातीत पूर्वीपासून रान होते तेथे रान आणि जेथे माळ होता तेथे माळ, हे तारतम्य ठेवणे अगत्याचे आहे.

शाळेसाठी एक सूचना

उपस्थित शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वृक्षारोपणाच्या दिवशी किती रोपे लावली याची नोंद आपण करताच. त्याच वहीत पुढील तीन रकाने आखावेत: पहिल्या उन्हाळ्यानंतर जिवंत किती, दुसऱ्या उन्हाळ्यानंतर किती, तिसऱ्यानंतर किती. रोप लहान असेतो विद्यार्थ्यांनी दर जुलैमध्ये बुडख्याची जाडी मोजावी. ते डोक्यावरून गेले की छातीच्या उंचीवर घेर मोजावा. एक फीत आणि एक वही यापलीकडे काही खर्च नाही. पाच-सहा वर्षांत कोणती जात आपल्या मुरमाड जमिनीत टिकते, कोणती नुसती उंच होते व कोलमडते, कोणत्या बाजूच्या उतारावर ओल अधिक काळ राहते, याची श्रीपूरची स्वतःची माहिती श्रीपूरकरांच्या हाती येईल. अशी वही तालुक्यातील प्रत्येक शाळेत झाली, तर पुढील लागवड कोठे व कशाची करावी हे ठरविण्यास वनविभागालाही तिचा उपयोग होईल.

नीरेच्या उगमावरील रानाने माती धरून ठेवली म्हणून धरणात गाळ कमी जातो. धरणात पाणी राहते म्हणून कालवा वाहतो. कालवा वाहतो म्हणून येथे ऊस उभा राहतो. ज्या मुळांनी हे सारे तोलून धरले आहे ती आपणांस कधी दिसत नाहीत. यंदा आपण जी रोपे लावाल, तीही पहिली दोन-तीन वर्षे आपणांस फारसे काही दाखविणार नाहीत. त्या काळात त्यांच्याकडे पाठ फिरवू नका, एवढेच माझे मागणे आहे. लागवड एका दिवसाची असते. राखण तीन वर्षांची असते. आणि त्यानंतर झाड आपली राखण करते.